मदत हवी आहे: कामगार ऑनलाइन ट्रेनिंग करतच नाहीत

चाकण_एचआर: ऑडिट तोंडावर आलंय आणि लाइनवरच्या पोरांचे कोर्स तसेच पेंडिंग. रिमाइंडर पाठवले, सुपरवायझरना सांगितलं, सर्टिफिकेट मिळेल म्हटलं, कोणी हलत नाही. ऑफिस स्टाफचं कधीच झालं. तुमच्याकडे लोकांनी सिस्टीम कशी स्वीकारली? लवकर सांगा प्लीज.

टूलरूम: कोर्स मराठीत आहेत का? वेळ शिफ्टमध्ये देता की नंतर?

एमबीए_सांगली: लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावरचं डेव्हिसचं १९८९ चं मॉडेल बघा, माणूस दोनच गोष्टी बघतो, मला याचा कामात उपयोग आहे का आणि वापरायला सोपं आहे का. आधी सर्व्हे घ्या.

टूलरूम: आहे तेच भरत नाहीत, त्यात अजून एक फॉर्म कशाला!

ओपनसोर्स: सरळ मूडल हे ऑनलाइन कोर्सचं सॉफ्टवेअर टाका, लायसन्सचे पैसे नाहीत, अ‍ॅपमध्ये कोर्स वायफायवर उतरवून घेतला की नेट नसतानाही बघता येतो.

चाकण_एचआर: सिस्टीम हेड ऑफिसची आहे, बदलता येणार नाही. कोर्स इंग्रजीत. शिफ्ट सुटल्यावर करायचे. लॉगिन कंपनीच्या मेल आयडीने.

टूलरूम: ऑपरेटरला मेल आयडी आहे?

चाकण_एचआर: नाही ना, सुपरवायझरच्या आयडीवरून बसवतात.

टूलरूम: अहो मग रेकॉर्ड सुपरवायझरच्याच नावावर पडणार! आयएटीएफचा, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचा, ऑडिटर लाइनवर जाऊन ऑपरेटरलाच विचारतो, टॉर्क रेंच कसं चेक करतोस दाखव. आणि शिफ्ट सुटली की पोरांना कंपनीची बस गाठायची असते, ती सोडून इंग्रजी व्हिडिओ कोण बघत बसेल? आम्ही आमच्याच सिनियर ऑपरेटरचा त्याच्याच मशीनवर मराठीत व्हिडिओ काढला, लोक आपणहून बघायला लागले. लॉगिन एम्प्लॉयी कोड आणि मोबाइल ओटीपीवर करून घ्या.

एमबीए_सांगली: म्हणजे उपयोग आणि सोपेपणाच झाला की, मी तेच म्हणत होतो.

झेडपी_शिक्षिका: आम्ही शिक्षकांच्या निष्ठा ट्रेनिंगचे कोर्स सरकारच्या दीक्षा पोर्टलवर केले, अडलं की ग्रुपवर विचारायचो. प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त कसं करतात कोणाला माहितीये का?

चाकण_एचआर: ओटीपी जमणार नाही, मोबाइल गेटवरच जमा होतात.

ओपनसोर्स: हे आधी सांगायचं ना, मग अ‍ॅपही बाद.

टूलरूम: कँटीनशेजारी एक पीसी ठेवा, कोड आणि पिनवर लॉगिन. पण वेळ शिफ्टमध्येच द्या, नाहीतर पीसीवर धूळ बसेल.

चाकण_एचआर: पिनचं आयटीला आजच सांगते. पण प्रॉडक्शनवाले शिफ्टमधली वीस मिनिटं सोडायला तयार होत नाहीत, त्यांना कसं पटवायचं?

टूलरूम: मॉडेल चेंजओव्हरला, म्हणजे लाइन दुसऱ्या मॉडेलसाठी सेट करताना, ती थांबतेच, तेव्हा सेटिंगला लागणार नाहीत ती पोरं मागून घ्या.