उघड्या होडीतून अटलांटिक, १८९६

जीपीएस आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आल्यावरच महासागर वल्हवत पार करणं शक्य झालं, असं वर एका प्रतिसादात आलंय. हे पटत नाही. जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन हे मूळचे नॉर्वेचे दोघे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपल्या काढून पोट भरायचे. ६ जून १८९६ ला ते न्यूयॉर्कहून निघाले आणि ५५ दिवसांनी इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोचले! 'फॉक्स' ही त्यांची होडी जेमतेम १८ फुटी. ना शीड, ना डोक्यावर छप्पर.

मला त्या होडीच्या बांधणीचं फार कौतुक वाटतं. दोन्ही टोकांना पाणी न शिरणारे कप्पे होते आणि तळाला बाहेरून धरायला कठडे. जुलैत एका लाटेने होडी पालथी घातली, तेव्हा हेच कठडे धरून त्यांनी ती सुलटी केली. बरंचसं अन्न मात्र गेलं. पुढे 'सीटो' या नॉर्वेजियन जहाजाने शिधा-पाणी दिलं म्हणून निभावलं.

म्हणजे नशिबाचा भाग होताच. १९६६ मध्ये 'पफिन' या होडीतून अटलांटिक वल्हवायला निघालेले जॉन्स्टन आणि होअर हे दोघे ब्रिटिश परतले नाहीत. पालथी होडी आणि रोजनिशी तेवढी सापडली. त्याच उन्हाळ्यात रिजवे आणि ब्लाइथ हे आणखी दोघे ब्रिटिश उघड्या डोरीतून, म्हणजे सपाट तळाच्या छोट्या होडीतून, ९२ दिवसांत आयर्लंडला पोचले. हार्बो-सॅम्युएलसनपेक्षा कमी दिवसांत न्यूयॉर्क ते सिली गाठायला २०१० उजाडलं, आणि तेव्हा वल्ही मारायला चौघे होते.