पेपर दारापर्यंत पोचवणारे हात : कोल्हापूरकर, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, दैनिकांचा इतिहास संपादकांच्या नावानं सांगितला जातो, आणि तो मोठाच आहे. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला निघाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या कोल्हापूरच्या गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा जो छळ होत होता त्याविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १ जानेवारी १९३२ ला नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. १९३९ मध्ये ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ इथं कोल्हापुरात दैनिक झाला. पण खिळे म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं जुळवणारे, गठ्ठे बांधणारे, खेड्यातून बातमी धाडणारे नसते तर यातलं एकही दैनिक रुजलं नसतं. ज्यांनी ही कामं केली किंवा घरात पाहिली, त्यांनी सविस्तर लिहा.

शनिवार पेठ
आमचे अण्णा छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे होते. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, नजर मजकुरावर आणि उजवा हात न बघता बरोबर खणात. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून मराठीचे खिळे शेकड्यांनी. जुळवलेली उलटी ओळ ते सरळ वाचावी तशी घडाघडा वाचत. छपाई झाली की तेच खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशीचं पान सुरू व्हायचं.

गगनबावडा
ऐंशीच्या दशकात मी वार्ताहर होतो. पगार नव्हता, छापून येईल तेवढ्याचं मानधन. बातमी कागदावर लिहायची, पाकिटावर ठळक ‘प्रेस’ घालायचं आणि दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायचं. कोल्हापूर स्टँडवर ऑफिसचा शिपाई पाकिटं गोळा करायचा. कोल्हापूरच्या वाटेवर मांडुकलीजवळ पुराचं पाणी आलं की गाडी बंद, फोनही बंद. मग साळवणपर्यंत कुणी चालत निघालंय का बघायचं. कुणी पाकिटाचे पैसे मागितले नाहीत. पुरात अडकलेल्या वाडीची चार ओळींची बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी मामलेदार स्वतः आले, तेव्हा त्या कंडक्टरला मी मुद्दाम स्टँडवर गाठून पेपर दाखवला.

गंगावेश
कॉलेजची फी पेपर टाकून भरली. पहाटे गठ्ठा फोडायचा, पुरवण्या घालायच्या, सायकल काढायची. पावसात पेपर भिजला तर गिऱ्हाईक बोलायचं, म्हणून आधी प्लास्टिक पेपरला, उरलं तर डोक्याला.

मंगळवार पेठ
आमच्या तालमीत रोज पेपर यायचा. एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही अग्रलेखावर हिरिरीनं वाद घालत. गगनबावडेकर, तुमच्या चार ओळीही तिथं नक्की वाचल्या गेल्या असणार.