मऊ सिंथेटिक ब्रश आणि साबणाची घट्ट वडी: जमवायचं कसं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. सेफ्टी रेझर, पातं वगैरे सगळं मार्गी लागलंय, गाडं अडलंय ते ब्रशवर. जुना डुकराच्या केसांचा ब्रश गळायला लागला म्हणून २४ मिलिमीटर गुच्छाचा सिंथेटिक ब्रश मागवला. इतका मऊ की गालाला लागला तरी कळत नाही. ट्यूबमधलं क्रीम घेतलं की बघता बघता चेहराभर फेस. पण मेहुण्याने इंग्लंडहून आणलेली साबणाची एक घट्ट वडी आहे, तिच्यावर हाच ब्रश फिरवला की केस नुसते आडवे पडतात. वडीवर मोठेमोठे बुडबुडे येतात, आणि गालावर जे काही लागतं ते पहिला हात फिरेपर्यंत सुकून जातं. वास मात्र असा आहे की वडी टाकवत नाही.

तर, ब्रश बदलू की साबण? मऊ ब्रशला मानवतील असे साबण कुठले? आणि नाशकात काही मिळतं का? मेनरोडला एका दुकानात विचारलं तर त्याने फोमचा डबा पुढे केला.

वस्तरा

ब्रश बदला, विषय संपला. घट्ट वडीला डुकराचे राठ केसच पाहिजेत. इटलीचा ओमेगा घ्या नाहीतर पोर्तुगालचा सेमोग. आंघोळीच्या आधी कोमट पाण्यात भिजत घाला, बाहेर येईपर्यंत तयार. सुरुवातीला वास येतो, टोचतो, पण वापरून टोकं दुभंगली की तोच ब्रश मऊ होतो आणि मधला भाग ताठच राहतो. ती मजा प्लास्टिकच्या केसांत नाही. दाढी करताना गालाला काहीतरी लागल्याचं कळायला नको का?

सातपूरचा फिटर

वस्तराभाऊ, तुम्ही प्रत्येक धाग्यावर ओमेगा विकता :) कमिशन मिळतं का?

गंगापूररोडकर, ब्रश बदलायच्या आधी दोन गोष्टी सांगा. ब्रश धरता कुठे? आणि वडीवर फिरवायच्या आधी त्याचं काय करता?

गंगापूररोडकर

धरतो मुठीला, जिथे सगळे धरतात. आणि आंघोळ होईपर्यंत मगात भिजत ठेवतो, जुन्या ब्रशसारखाच.

सातपूरचा फिटर

मग तिथेच घोळ आहे. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

डुकराचा किंवा बॅजर नावाच्या प्राण्याचा केस पाणी शोषतो. भिजवला की केस स्वतःच नरम होतो आणि पाणी आत धरून ठेवतो. सिंथेटिकचा केस म्हणजे बारीक टोकाचा प्लास्टिकचा धागा. त्याच्या आत पाणी जातच नाही, ते फक्त दोन धाग्यांच्या मधल्या जागेत अडकून बसतं. म्हणजे भिजत घालून उपयोग शून्य, आणि वडीवर टेकवला की ते सगळं पाणी एकदम खाली येतं. तुम्ही म्हणता ते मोठे बुडबुडे त्याचेच. वडीवरचा साबण सुटायच्या आत धुऊन जातोय आणि गालावर येतंय ते साबणाचं पाणी.

असं करा. ब्रश नळाखाली धरा, दोनदा जोरात झटका. ओला पाहिजे, पण टपकता कामा नये. वडीवर मात्र आधी चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा, आंघोळ होईपर्यंत राहू द्या. भिजायची गरज वडीला आहे, ब्रशला नाही. मग ते पाणी वाटीत काढून घ्या, फेकू नका, पुढे उपयोगी येतं.

आता धरायचं कसं. मूठ सोडा. अंगठा आणि दोन बोटं केसांच्या बुडाशी, मुठीच्या थोडी वर आणा आणि गुच्छ आवळून धरा. मोकळे केस जेवढे कमी, तेवढा ब्रश ताठ. दाबायचं नाही. दाबलं की केस बाहेर फाकतात आणि वडीला टोकांऐवजी बगला घासतात. नुसत्या टोकांनी, हलक्या हाताने गोल गोल, वीस-तीस सेकंद. आधी बुडबुडे दिसतील, मग ते बारीक होत जातील, आणि टोकांवर साबणाचा चिकट थर चढेल. बोटाने दाबून बघा, बोट निसटायला लागलं की साबण पुरेसा झाला.

मग चेहऱ्यावर. आधी गोल फिरवा, नंतर रंग दिल्यासारखं वरखाली. पाणी थेंबाथेंबाने वाढवायचं, टोकं वाटीतल्या त्या पाण्याला फक्त टेकवायची. फेस पातळ श्रीखंडासारखा आणि चमकता झाला की थांबा. पांढराशुभ्र, कोरडा, ढगाएवढा फेस आरशात छान दिसतो, पण त्याच्यावर पातं घसरत नाही.

तर्री जास्त

श्रीखंड वाचून दाढी राहिली बाजूला, फ्रीजकडे निघालो.

रसायन_निवृत्त

फिटरसाहेबांचं पाण्याच्या प्रमाणाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण पाणी कुठलं, हे अजून कुणी विचारलं नाही. गंगापूररोडकर, सोसायटीत महापालिकेचं येतं की बोअरचं?

गंगापूररोडकर

दोन्ही एकाच टाकीत. उन्हाळ्यात बोअर आणि टँकरच जास्त.

रसायन_निवृत्त

मग ऐका. गंगापूर धरणातून येणारं पाणी मुख्यतः पावसाचं साठलेलं, त्यात क्षार कमी. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्यातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. हे दोन्ही साबणातल्या स्निग्ध आम्लाला धरतात आणि न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो ना, तोच. जेवढा साबण साक्यात गेला, तेवढा फेसातून कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. म्हणजे पिण्याजोगं पाणीसुद्धा दाढीच्या साबणाला जड जाऊ शकतं.

घरच्या घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, वडीचा नखाएवढा कीस टाका आणि दणकून हलवा. वर फेस आणि खाली पाणी जवळपास स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस नावाला आणि पाणी दुधाळ, तर कठीण. ही परीक्षा शाम्पूने करू नका, त्याला कठीण पाण्याने फारसा फरक पडत नाही. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा दाखवतो, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वाटा वेगळा कळत नाही.

उपाय सोपा आहे. दाढीला पाणी लागतं किती? एक वाटी. स्वयंपाकघरातल्या आरओचं घ्या. आरओ नसेल तर पाणी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळून खाली बसतो, बाकीचा राहतो. क्रीममुळे तुम्हाला त्रास जाणवला नाही, कारण बऱ्याच क्रीममध्ये कॅल्शियमला बांधून ठेवणारं ईडीटीए घातलेलं असतं. ट्यूबच्या मागे बघा.

वस्तरा

म्हणजे एक ब्रश चालावा म्हणून आता आरओचं पाणी, बाटलीतली प्रयोगशाळा आणि वाटीत काढलेलं तीर्थ. माझा ओमेगा नळाच्या पाण्यावर चालतो.

रसायन_निवृत्त

पंचवटीत तुमच्याकडे महापालिकेचं पाणी आहे, वस्तराराव. एकदा आमच्या पाथर्डी फाट्याला मे महिन्यात ओमेगा घेऊन या.

निळी छत्री

मध्येच घुसते, माफ करा. बाबांना वाढदिवसाला ब्रश आणि साबण द्यायचाय. वय सत्तरीच्या पुढे, कातडी पातळ झालीय, जुना नायलॉनचा ब्रश टोचतो म्हणून हल्ली हातानेच क्रीम चोळतात. मऊ सिंथेटिक चालेल का? आणि फिटर दादांनी लिहिलंय तेवढे सोपस्कार ते करणार नाहीत.

सातपूरचा फिटर

ताई, तुमच्या बाबांसाठीच बनलाय हा ब्रश. सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो जाड नायलॉनचा, त्याची टोकं बोथट कापलेली असतात म्हणून टोचतात. हल्लीच्या चांगल्या सिंथेटिकमध्ये प्रत्येक धागा टोकाशी निमुळता असतो. म्यूलेचा सिल्व्हरटिप फायबर किंवा सिम्पसनचा ट्रॅफलगर चांगला पण महाग. याकीचा चिनी ब्रश त्याच्या मानाने बराच स्वस्त, आणि मऊपणात मला तरी काही कमी वाटला नाही. २४ पुरे, २६ त्यांना नाकाखाली आवरणार नाही.

वडीच्या भानगडीत पडूच नका. क्रीम द्या. गोदरेज, पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस, व्ही-जॉन, जे नाक्यावर मिळतं ते चालतं. फक्त फेस होणारं क्रीम आहे ना ते बघा, ब्रशशिवाय लावायचं येतं ते नको. बोटाच्या पेराएवढं क्रीम ओल्या गालांवर चार ठिकाणी लावायचं आणि ब्रश फिरवायचा. सिंथेटिक ब्रश क्रीम पोटात ठेवत नाही, त्यामुळे ट्यूबही जास्त दिवस पुरते. थोडा खर्च करायचा असेल तर प्रोरासोचं पांढरं, ते नाजूक त्वचेसाठीच आहे. हिरव्यात मेन्थॉल असतं, आपल्या डिसेंबरच्या थंडीत सकाळी सकाळी ते म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, शिव्या खाल.

शुद्ध_शाकाहारी

सिंथेटिक ब्रशचा एक फायदा कुणी लिहिलाच नाही. आमच्या घरात डुकराच्या केसांचा ब्रश चालणारच नाही, त्यामुळे वस्तराभाऊंचा सल्ला आमच्या दारातूनच परत. पण साबणाचंही बघावं लागतं. घटकांत ‘टॅलोएट’ दिसलं तर ती जनावराची चरबी. इंग्लंडचा मिचेल्स वुल फॅट आणि इटलीचा चेल्ला, दोन्ही चरबीवाले. जर्मनीच्या टबॅकमध्ये पूर्वी असायची, अलीकडे त्यांनी सूत्र बदलून ती काढली, पण जुना साठाही विकला जातो, तेव्हा घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघतं, ते चालवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘स्टिअरिक ॲसिड’ एवढंच लिहिलं असेल तर ते वनस्पतीचं की प्राण्याचं कळत नाही, कंपनीला विचारावं लागतं.

रसायन_निवृत्त

घटक वाचताच आहात तर आणखी एक बघा. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि लवकर विरघळतो, सोडियमचा घट्ट. यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड आधी आणि सोडियम नंतर, किंवा सोडियम नाहीच, असं असेल तर तो साबण मऊ ब्रशला बिनतक्रार सुटतो. प्रोरासोचा डबीतला साबण याच जातीचा. बोट रुतेल इतका मऊ.

तर्री जास्त

माझा अनुभव: तुर्की आर्कोची दाढीच्या साबणाची कांडी. ब्रश कितीही लुळा असो, फरक पडत नाही. ओल्या गालावर कांडी दाढीच्या उलट्या दिशेने घासायची, खुंटच तिला किसून घेतात. मग ब्रश फक्त फेस करायला. वास मात्र सुती कपड्याच्या साबणाचा, घरच्यांनी विचारलं की धुणं केलंस का. (शाकाहारी मंडळींनो, यातही चरबी असू शकते, घटक वाचा.)

सातपूरचा फिटर

कांडीचं लाख बोललात. आणि हाच न्याय वडीला लावता येतो. गंगापूररोडकर, अजून जमत नसेल तर वडी सरळ किसा. स्वयंपाकघरातली किसणी नको, घरात युद्ध होईल, वेगळी स्वस्तातली घ्या. कीस स्टीलच्या पसरट वाटीत, वरून गरम पाण्याचे चार थेंब, आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवा. रात्रभर झाकून ठेवा. वडी तीच, वास तोच, पण पृष्ठभाग मऊ होतो आणि ब्रशला लगेच सुटतो. वाटी ब्रशपेक्षा रुंद घ्या, नाहीतर फेस कडेवरून बाहेर.

गंगापूररोडकर

किसली! बाटलीची परीक्षाही केली, पाणी ताकासारखं नाही पण बऱ्यापैकी दुधाळ. आज आरओचं वाटीभर पाणी, ब्रश झटकून, केसांच्या बुडाशी धरून. फेस शेवटपर्यंत टिकला, हनुवटीखालीसुद्धा, जिथे नेहमी कोरडं पडायचं. वरच्या ओठावर अजून जास्तच पातळ होतो, पाण्याचा अंदाज यायला वेळ लागेल. वडी ठेवतोय, ब्रशही ठेवतोय.

एक शंका: ब्रशच्या बुडाशी पांढरं काहीतरी साचायला लागलंय. तो साकाच का?

रसायन_निवृत्त

तोच. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून पाच-दहा मिनिटं ब्रश बुडवा, बोटांनी केस मोकळे करा, साध्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा पुरे. उकळतं पाणी मात्र कधीच नको, सिंथेटिक केस वाकले की वाकलेच राहतात आणि गुच्छ बसवलेला गोंदही सुटू शकतो.

वस्तरा

किसलेली वडी चांगली कल्पना आहे, एवढं मान्य. ब्रशबद्दलचं मत कायम.

निळी छत्री

बाबांसाठी २४ चा याकी आणि पांढरं प्रोरासो मागवलं. त्याच्यासोबत उलटा टांगायचा स्टँड दाखवतायत, घेऊ का?

सातपूरचा फिटर

नको. झटकायचा, टॉवेलवर दोनदा पुसायचा आणि बुडावर उभा ठेवायचा. सिंथेटिक संध्याकाळच्या आत सुकतो. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नका, खिडकीत ठेवा. स्टँडच्या पैशांत आणखी एक क्रीमची ट्यूब येईल.