प्रति: टेस्टोस्टेरॉनचं जेल महाग पडतं, मग इंजेक्शनच का नको?

औषधापुरतं बघितलं तर तुमचं बरोबर आहे. सिपिओनेट, एनान्थेट ही टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) जुनी इंजेक्शनं अंगाला लावायच्या जेलपेक्षा बरीच स्वस्त पडतात. पण हिशेब कुपीपाशी संपत नाही हो. सुरुवातीलाच वेगवेगळ्या दिवशी, सकाळी लवकर, दोनदा तपासणीसाठी रक्त द्यायचं. पुढे ठरावीक काळाने टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी). हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला की डॉक्टर औषध थांबवतात, म्हणजे परत तपासण्या! माझ्या फाइलीत औषधाची बिलं चार आणि लॅबची अकरा आहेत. आणि हो, मूल हवं असेल तर आधीच सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्रजंतू घटतात; त्यावरचे उपचार वेगळे, आणि खर्चही वेगळा.