सरकारी जंगलात साग तोडतात, किती तोडायचा ते कोण ठरवतं?

भटका_नागपूरकर:
आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाताना रस्त्याच्या थोडं आत बरीच सागाची झाडं पाडलेली दिसली, चांगली जाड, ओंडक्यांच्या थप्प्या लावलेल्या आणि प्रत्येकावर नंबर. सोबतचा मित्र म्हणे चोरीचा माल असणार, पण चोर नंबर कशाला टाकेल? मग फॉरेस्टनेच तोडली असं धरलं तर आपण एक फांदी तोडली की केस आणि इथे राजरोस ट्रक भरतायत, हे कसं? याला काही हिशोब असतो का, की डेपोत माल कमी पडला की कुऱ्हाड? माहितगारांनी सांगा. नुसत्या शिव्या नकोत, त्या मला पण येतात.

कूप_नंबर_सात:
तुम्ही बघितलं ते कूप, म्हणजे यंदा ज्या तुकड्यात तोड आहे तो. प्रत्येक वनविभागाची साधारण दहा वर्षांची कार्य आयोजना असते (सगळे वर्किंग प्लॅनच म्हणतात), कुठल्या वर्षी कुठला कूप ते त्यात ठरलेलं असतं आणि केंद्राची मंजुरी लागते. सुप्रीम कोर्टाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन केसमधल्या आदेशापासून तर मंजूर प्लॅनशिवाय राज्यांना जंगलात तोड करताच येत नाही. त्यामुळे डेपो रिकामा म्हणून कुऱ्हाड असं होत नाही, निदान कागदावर तरी.

तोडीआधी मार्किंग होतं. छातीच्या उंचीला, म्हणजे 1.37 मीटरवर गोलाई मोजतात, नंबर टाकतात आणि हॅमरचा (खात्याच्या शिक्क्याच्या हातोड्याचा) ठसा दोन ठिकाणी मारतात, एक वर आणि एक पार बुडाशी. बुडाशी कशाला, तर झाड गेलं तरी तो ठसा खुंटावर राहतो, नंतर तपासणीला आलेला माणूस खुंट बघून सांगतो की हे झाड मार्किंगमधलं होतं का नाही. त्यामुळे शंका असेल तर थप्पी बघून काही कळत नाही, खुंट बघायचे. नाल्याकाठची पट्टी आणि खडा उतार सोडून देतात, मोह, चार (चारोळीचं झाड) असली झाडं राखतात.

आणि साग तोडला की संपला असं नसतं. खुंट जमिनीलगत नीट तासला तर फुटवे येतात, त्यातला जोमदार एखादा ठेवायचा, बाकी काढायचे. रोपवनात तर मधेमधे तोडावंच लागतं, 2 बाय 2 मीटरवर लावलं की हेक्टरी 2500 झाडं होतात, विरळणी केली नाही तर सगळी उंच नि किडकिडीत, चौकटीच्या कामाचं एकही नाही.

सिंदेवाहीचा_भाऊ:
हे सगळं बरोबर हाय भाऊ, पण तोडल्यावर पुढं काय होते ते कोणी पाहाते का? तोड झाली का कूपाची चराई बंद ठेवा लागते, जाळरेषा (आग अडवाची मोकळी पट्टी) काढा लागते, त्याचा पैसा टायमावर आला पायजे. इकडं मोहफुलं वेचाले लोक झाडाखालचा पाला जाळतेत, वारा सुटला का आग कूपात, अन् तो तुमचा जोमदार फुटवा गेला. प्लॅनमंदी मात्र पुनरुत्पादन चांगलं असंच लिवून राहाते.
अन् वनविकास महामंडळाचं कोणी बोलत नाही. 1974 ले निघालं तवा मिसळ जंगल साफ करून सागाच्या रांगा लावल्या, ऐन, धावडा असली झाडं गेली. त्याले जंगल म्हणाचं का?

बल्लारपूर_टिंबर:
महामंडळाचा मुद्दा मान्य. 1988 च्या वन धोरणात स्पष्ट म्हटलंय की पर्यावरणाचा समतोल आधी, उत्पन्न नंतर. पण तोड बंदच करा म्हणणाऱ्यांनी घरातली दारं कशाची ते एकदा बघावं. म्यानमारने 2014 पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, आता दुसऱ्या देशांच्या रोपवनांतला कोवळा साग येतो, कडेचा पांढरा भाग जास्त आणि त्याला वाळवी लवकर लागते. इकडच्या मालाची जात वेगळीच, अयोध्येच्या मंदिराला 2023 मध्ये साग बल्लारपूरहूनच गेला.

भटका_नागपूरकर:
खुंटाचं माहीतच नव्हतं, भारी. पण लिलावाचा पैसा ज्या गावाच्या हद्दीत कूप आहे त्या गावाला मिळतो का?

कूप_नंबर_सात:
सागाचा पैसा सरकारजमा, गावाला मजुरी. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला गौण वनोपज मिळालं, म्हणजे बांबू, तेंदूपत्ता वगैरे, इमारती लाकूड त्यात नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला तरी बांबूचा वाहतूक पास हातात यायला 2011 उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. सागाचा विषय तर अजून लांबच आहे.

सिंदेवाहीचा_भाऊ:
वाटा द्या म्हणा थोडा, मंग पाहा आग इझवाले कोण पळते ते.