आठ माणसं, सहा महिने परदेशात: मुक्काम, स्वयंपाक, औषधं, शाळा यांचं कसं जमवायचं?

माधवी_सातारा

आम्ही आठ जण जून ते नोव्हेंबर बाहेर राहणार आहोत. सासूबाई (६६), सासरे (७१, बीपी आणि मधुमेह), आम्ही दोघं, नणंद आणि तीन मुलं (१४, १० आणि ४ वर्षं). ठरवलेली ठिकाणं अशी: पिनांग, क्वालालंपूर, हनोई, दा नांग, होई आन, बँकॉक, चियांग माई. प्रत्येक ठिकाणी निदान दहा-बारा दिवस. बजेट आहे, पण रोज हॉटेलात जेवण्याइतकं नाही आणि सासूबाई शाकाहारी आहेत. नवऱ्याचं आणि नणंदेचं काम ऑनलाइन चालू राहणार. मला रोजच्या गोष्टी विचारायच्या आहेत: घर कसं निवडायचं, कुकर न्यावा का, कपडे किती, औषधं कशी न्यायची, मुलांच्या शाळेचं काय. फिरायची ठिकाणं सांगू नका, ती भरपूर वाचली आहेत.

दर्यावर्दी

माधवीताई, आधी यादीला कात्री लावा. सात नाही, तीनच मुक्काम ठेवा. आठ माणसांच्या प्रवासात पैसा आणि जीव खातो तो मुक्काम हलवण्याचा दिवस. आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करायचा, अर्धवट उरलेलं तेल-पीठ टाकून द्यायचं, ओले कपडे पिशवीत भरायचे. पोचल्यावर पाण्याचा जार, किराणा, गादी-उशांची वाटणी, वायफायचा पासवर्ड. एका हलण्यात दोन दिवस सहज जातात. दहा दिवसांच्या मुक्कामात दोन दिवस म्हणजे पाचवा हिस्सा. शिवाय महिनाभरासाठी घर घेतलं की भाडं बरंच उतरतं, आठवड्याच्या भावात ते कधीच बसत नाही.

क्रम हवामानावर लावा. जूनमध्ये पिनांग. मलेशियात भारतीयांना सध्या ३० दिवस विजाशिवाय राहता येतं, म्हणून चार आठवडे धरा, तिसाव्या दिवसाचं विमान पकडू नका. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दा नांग. तिथे तेव्हा ऊन असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच पट्ट्यात मुसळधार पाऊस पडतो आणि होई आनच्या जुन्या गावात पाणी शिरतं. होई आन दा नांगपासून तीसेक किलोमीटरवर आहे, दिवसाची सहल होते, वेगळा मुक्काम कशाला? शेवटी चियांग माई. ऑक्टोबरअखेर पाऊस ओसरतो, नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, तेव्हा वयस्कर माणसांना नेऊ नये. तुमच्या तारखा त्याच्या बाहेर आहेत.

व्हिएतनामचा ई-विजा ९० दिवसांपर्यंत मिळतो: एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. चार वर्षांच्या बाळाचाही वेगळा अर्ज. अर्ज अडकतात ते नावावरून. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, ते तसंच्या तसं भरा, वडिलांचं नाव गाळून तिकीट काढलं की तिकीट एक आणि विजा दुसरं होतं. कोणत्या विमानतळावरून शिरणार तेही अर्जात असतं, तिथूनच शिरा. मलेशिया आणि थायलंड दोघांचंही डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. थायलंडचे विजामुक्त दिवस बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पाहून घ्या.

विमानाचं तिकीट शोधताना आधी आठ जणांचं, मग चार-चारचं करून बघा. स्वस्त वर्गात पाचच जागा उरल्या असतील तर आठ जणांच्या शोधात सगळ्यांना वरचा दर लागतो. वेगळी बुकिंगं केलीत तर दोन्हींत मोठी माणसं आणि मुलं वाटून घ्या.

घर बघताना खोल्या मोजण्याआधी संडास मोजा, दोनपेक्षा कमी नकोत. सासऱ्यांसाठी लिफ्ट आहे का ते विचारा. व्हिएतनाममधली उंच, अरुंद घरं चार-पाच मजली असतात आणि जिने उभे असतात. वीजबिल भाड्यात आहे की वेगळं, युनिटचा दर काय, हे लेखी घ्या आणि आल्या दिवशी मीटरचा फोटो काढा. थायलंडमध्ये घरमालक सरकारी दरापेक्षा जास्त दर लावतात आणि चार एसी चालले की फरक मोठा पडतो. मालकाने परदेशी पाहुण्यांची नोंद सरकारदरबारी करायची असते, थायलंडमध्ये चोवीस तासांच्या आत. ती झाल्याचा स्क्रीनशॉट मागून ठेवा, मुदत वाढवायला गेलात की पहिल्यांदा तोच मागतात.

गाडी: ॲपवरची सात सीटर म्हणजे चालक धरून सात, त्यात तुम्ही सहाच बसता. आठ जणांना दोन गाड्या. चियांग माईत मात्र लाल सोंगथेव असतो, मागे दोन बाकं, त्यात आठ जण मावतात. चढण्याआधी भाडं सगळ्यांचं मिळून ठरवा, माणशी नव्हे.

चुलीपाशी

स्वयंपाकाचं मी सांगते. कुकर न्याच, पण स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, ५ लिटरचा, आत दोन डबे बसणारा. ॲल्युमिनियमचा कुकर तिथल्या बऱ्याच शेगड्यांवर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच घ्या. दोन जादा रिंगा, एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिट्टी वेगळ्या पिशवीत. कुकर चेक-इन बॅगेत टाका, आत मसाल्यांच्या पुड्या भरा म्हणजे जागा वाया जात नाही. सोबत लोखंडी तवा एक आणि लाटणं. बाकी भांडी घरात असतात; फक्त आठ जणांना पुरेल असं पातेलं बहुधा नसतं, ते तिथल्या बाजारात घ्या आणि निघताना शेजाऱ्यांना देऊन टाका.

तांदूळ आठ जणांना एका वेळी ५५० ते ६०० ग्रॅम. तिथला जास्मिन तांदूळ आपल्या कोलमइतकं पाणी पीत नाही. डब्यात एक वाटीला सव्वा वाटी पाणी घाला. दोन वाट्या घातलंत तर खळ होते. तूरडाळ पिनांगच्या लिटल इंडियात सहज मिळते, कढीपत्ता ताजा मिळतो, उडीदडाळ, इडलीरवा सगळं आहे. दा नांगला तूरडाळीचा शोध घेत बसू नका. सालं काढलेली मुगाची डाळ व्हिएतनाम आणि थायलंड दोन्हीकडे साध्या बाजारात असते, कारण ते लोक तिचे गोड पदार्थ करतात. दोन महिने मुगाचं वरण करा, पचायलाही हलकं. शेंगदाणे मुबलक, ओला नारळ मुबलक, चिंच आहे. कोकम नाही, ते पाव किलो न्या.

कणीक महाग आणि दुर्मिळ. पण तांदळाचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि भाकरी होते. पाकीट घेताना एकच सांभाळा: चिकट तांदळाचं पीठ नको, त्याची भाकरी तव्याला चिकटून लगदा होतो. थायलंडमध्ये तीन हत्तींच्या छापाचं पीठ घ्याल तर साधं तांदळाचं लाल अक्षरांचं, चिकट तांदळाचं हिरव्या, टॅपिओकाचं निळ्या. पीठ ओलं दळलेलं, फार बारीक असतं, त्यामुळे थंड पाण्यात मळून भाकरी थापली की चिरते. उकड काढा: एक वाटी पाणी, मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की एक वाटी पीठ, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग गरम असतानाच मळा.

मसाले: गोडा मसाला रोज दोन चमचे धरले तर सहा महिन्यांना सुमारे नऊशे ग्रॅम पुरतो. पण तो खसखस न घालता करून घ्या. विमान सिंगापूर किंवा दुबईवरून असेल तर हे विसरू नका. तिथे खसखस बंदी असलेल्या मालात मोडते आणि मसाल्यात मिसळलेली असली तरी नियम तोच. मालवणी मसाल्यालाही हे लागू. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. हिंग शंभर ग्रॅम, दुहेरी डब्यात. साबुदाणा घरूनच न्या: थायलंडचे पांढरे दाणे भिजवले की विरघळतात, खिचडी होत नाही.

बाहेर जेवायची वेळ आली तर सासूबाईंसाठी ‘भाजी दिसतेय’ यावर भरवसा ठेवू नका, फिश सॉस सगळ्यात असतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) लिहिलेली दुकानं पूर्ण शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक स्वतः शाकाहार करतात, त्या दिवशी एरवी नसलेल्या ठिकाणीही मिळतं. थायलंडमध्ये ‘जे’ लिहिलेली पिवळी-लाल पाटी शोधा. त्यात कांदा-लसूणही नसतो.

नळाचं पाणी तिन्हीकडे पिऊ नका. दा नांगला २० लिटरचा जार घरपोच येतो. स्वयंपाक धरून आठ जणांना दिवसाला एक जार लागतो, म्हणून दोन जारांची अनामत ठेवा, एक कायम भरलेला.

विजेचं एक सांगते. आपलं एक्स्टेंशन बोर्ड आणि एक ॲडॉप्टर न्या, आठ ॲडॉप्टर नकोत. पण साध्या ६ अँपिअरच्या बोर्डावर फोन आणि लॅपटॉपच लावा. १५०० वॅटची किटली त्यावर लावली की मर्यादा तिथेच ओलांडते आणि बोर्ड वितळतो.

कपडे माणशी पाच जोड, जीन्स अजिबात नको. दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. आठ जणांचं रोज तीन-चार किलो धुणं निघतं. एकदिवसाआड मशीन लावा, टॉवेल वेगळ्या फेरीत. किलोवर धुऊन देणारी दुकानं सगळीकडे आहेत. तिथे टाकण्याआधी प्रत्येकाच्या कपड्यांच्या आतल्या शिवणीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा घाला.

औषधपेटी

सासऱ्यांची औषधं पूर्ण मुदतीची न्या, अर्धी त्यांच्या हातातल्या बॅगेत आणि अर्धी तुमच्या हातातल्या बॅगेत. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यावर ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं काही असेल तर वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम आधी बघा. संयुक्त अरब अमिरातीत नुसत्या विमान बदलण्यालाही ते अडतं.

लहान मुलाच्या तापाच्या औषधाकडे नीट लक्ष द्या. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं असेल तर १० मिलिलिटर, २५० चं असेल तर ५ मिलिलिटरला किंचित कमी. परदेशात बाटली बदलली आणि सवयीने १० मिलिलिटर दिलं की दुप्पट डोस जातो. बाटलीवर आकडा मार्करने मोठा लिहा.

तिन्ही देशांत डेंग्यू आहे. ताप आला की डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर सुस्ती, सतत उलटी, पोटात दुखणं, हिरड्यांतून रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. खरा धोका ताप उतरतानाच असतो आणि तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. देवळांजवळच्या माकडांना, रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुलांनी खाऊ घालू नये. चावलं-ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस.

विमा घेताना दोन ओळी शोधा: एका सहलीचे कमाल दिवस (बऱ्याच पॉलिसी १८० वर थांबतात; परतीचं विमान लांबलं तर?) आणि आधीपासूनच्या आजारांची तरतूद. आणि व्हिएतनाममध्ये स्कूटर भाड्याने घेऊ नका. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारावरचं, तिथे १९६८ चं चालतं. लायसन्स ग्राह्य नाही म्हणजे अपघाताचा दावाही नाही.

फळा_खडू

शाळेचं थोडक्यात. शाळा सोडल्याचा दाखला काढू नका, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि सहीशिक्क्याची पोच घ्या. दहा वर्षांचं मूल पाचवीत असेल तर जपून: महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. तुम्ही नोव्हेंबरला परतता, तेव्हा अभ्यास भरून काढायला वेळ आहे. चौदा वर्षांचं मूल नववीत असेल तर त्याचा गणित आणि विज्ञानाचा भाग मात्र तिथे रोज दीड तास झालाच पाहिजे, नाहीतर दहावीत भारी पडेल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात, ‘किशोर’चे जुने अंकही. दा नांग आणि चियांग माई आपल्या दीड तास पुढे, पिनांग अडीच तास. म्हणजे इथल्या आठच्या ऑनलाइन वर्गाला मूल दा नांगला साडेनऊला बसतं, न्याहारी होऊन जाते.

माधवी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्काम तीनच करतो. एक राहिलं: सासऱ्यांना राज्य सरकारचं निवृत्तिवेतन आहे, हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. आणि बँकेचे ओटीपी?

दर्यावर्दी

हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून देता येतो, बोटाचं यंत्र लागत नाही. ॲप इथेच, निघण्याआधी त्यांच्या फोनवर बसवून चेहऱ्याची पडताळणी एकदा करून बघा; आधारला जोडलेला नंबर चालू नसेल तर सगळं तिथेच अडतं. कोषागाराला किंवा बँकेला तो मिळाला का, हे आठवड्याने फोन करून विचारा.

ओटीपीसाठी भारतातलं सिम फोनमधून काढू नका. रोमिंग इथूनच सुरू करा, डेटा बंद ठेवा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. डेटा स्थानिक ई-सिमवर. सगळी कार्डं एका पाकिटात नकोत: दोन माणसांकडे वेगवेगळ्या बँकांची. थायलंडचं एटीएम दर वेळी २०० बाथहून जास्त शुल्क घेतं, म्हणून दर वेळी मोठी रक्कम काढा. यंत्राने ‘रुपयांत की बाथमध्ये’ विचारलं तर बाथच निवडा, रुपयांचा दर ते स्वतःचा लावतात. परकीय चलनाचं कार्ड भरताना एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांवर गेलं की टीसीएस (आगाऊ कापला जाणारा कर) कापतात; तुमच्यात तिघं कमावते-निवृत्त आहेत, रक्कम आपापल्या पॅनवर भरा.