एमआरआय झाला, मणक्यातल्या पाण्याचे अर्धे रिपोर्ट बाकी. पुढच्या ओपीडीपर्यंत काय करता येईल?

निशिगंध_माहीम
मोठी बहीण, वय ३४. आधी डाव्या हाताला मुंग्या, मग उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचं. दाखल करून मेंदूचा एमआरआय केला, कॉन्ट्रास्टशिवाय (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध न देता). रिपोर्टमध्ये 'डिमायलिनेशन?' (नसांवरचं आवरण खराब होणं) आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन' (लक्षणांशी ताडून बघा). मणक्यातलं पाणी काढलं. त्यातल्या पेशी, प्रोटीन, साखर एवढंच हातात आलंय. ऑलिगोक्लोनल बँड (पाण्यातल्या प्रतिपिंडांच्या पट्ट्या), ॲक्वापोरिन-४ आणि मॉग (दोन विशिष्ट प्रतिपिंडांच्या तपासण्या) यांच्यापुढे 'अवेटेड', म्हणजे यायचे बाकी. स्टेरॉइडची तीन सलाईन देऊन घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर 'एमएस / एनएमओ?' (मल्टिपल स्क्लेरोसिस की न्यूरोमायलायटिस ऑप्टिका; दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते). ओपीडी तीन आठवड्यांनी. तोवर नुसतं थांबायचं, की आपल्या हातात काही आहे?

बारकोड_दादर
आधी 'अवेटेड' म्हणजे नेमकं काय ते शोधा. नमुना मशीनवर लागलाय, दुसऱ्या लॅबला गेलाय, की कुठेतरी अडकलाय, या तिन्हींसाठी कार्डावर एकच शब्द लिहितात.

ऑलिगोक्लोनल बँडला पाण्यासोबत त्याच वेळचं रक्तही लागतं. दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाण्यात आहेत पण रक्तात नाहीत असे बँड मोजतात. असे दोन किंवा जास्त असले तर पॉझिटिव्ह. घाईत नुसतं पाणी पाठवलेलं असलं तर लॅब नमुना बाजूला ठेवते आणि वॉर्डला निरोप पोहोचतोच असं नाही. म्हणून लॅबला विचारायचा पहिला प्रश्न: "जोडीचं सीरम (रक्तातला पातळ भाग) मिळालंय का?" नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. पाणी काढून बरेच दिवस झाले असतील तर आता घेतलेलं रक्त चालेल का, हे लॅबनेच सांगायचं.

ॲक्वापोरिन-४ आणि मॉग रक्तात बघतात. बऱ्याच लॅब हे नमुने साठवून एकदम लावतात, त्यामुळे उशीर म्हणजे गडबडच असं नाही. दोन गोष्टी विचारा. पद्धत सेल-बेस्ड (पेशींवर तपासणारी) आहे का? एलायझा या दुसऱ्या पद्धतीने केलेला ॲक्वापोरिनचा निकाल कमी भरवशाचा, खोटा पॉझिटिव्हही येऊ शकतो. आणि रक्त पहिल्या स्टेरॉइडच्या आधी घेतलं की नंतर? नंतर घेतलं असेल तर निगेटिव्हचं वजन कमी होतं, काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगू शकतात. नमुन्याची तारीख-वेळ आणि पहिल्या सलाईनची तारीख-वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहा. न्यूरॉलॉजिस्टला ते एका नजरेत लागतं.

आणखी एक, यात फार रिपोर्ट हरवतात: दाखल असतानाच्या तपासण्या आयपीडी (भरती रुग्णाच्या) नंबरवर असतात, ओपीडीचा केस पेपर वेगळ्या नंबरचा. खिडकीवर केस पेपर दाखवला की "रिपोर्ट आला नाही" म्हणतात. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर द्या. निवासी डॉक्टरांची युनिटं बदलत राहतात, त्यामुळे 'ते बघतील' यावर सोडू नका.

फिल्म_नको_सीडी
स्कॅनबद्दल. रिपोर्टचा कागद आणि फिल्म पुरत नाहीत. डायकॉम इमेज (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) असलेली सीडी किंवा लिंक घ्या आणि घरी उघडून बघा. कोरी सीडी हातात पडणं अजिबात दुर्मीळ नाही. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवून मत मागणं बंद करा, तीन मिलिमीटरचा डाग त्यात दिसत नाही.

तुमच्या बाबतीत मोठी पोकळी कॉन्ट्रास्टची आहे. एमएस ठरवायच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत नुकसान वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालंय, दोन्ही दाखवावं लागायचं; २०२४ च्या सुधारित निकषांत वेळेचा पुरावा दर वेळी लागतोच असं नाही, पण मिळाला तर उपयोगीच. ताजे डाग कॉन्ट्रास्ट घेतात, जुने घेत नाहीत; एकाच स्कॅनमध्ये दोन्ही दिसले की 'वेळ' सिद्ध होते. ताजा डाग साधारण काही आठवडेच चमकतो आणि स्टेरॉइडने ती चमक लवकर मावळते. म्हणजे आता कॉन्ट्रास्ट एमआरआय केला आणि काही चमकलं नाही, तर त्याचा अर्थ 'ताजं काही नव्हतं' असा होत नाही. बँड पॉझिटिव्ह आले तर तेही वेळेच्या पुराव्याऐवजी धरतात, म्हणून तो रिपोर्ट इतका महत्त्वाचा.

मानेच्या मणक्याचा एमआरआय झालाय का? हाताला मुंग्या आहेत म्हणजे तो विचारायलाच हवा. लांबलचक, तीन किंवा जास्त मणक्यांएवढा डाग असेल तर विचार एनएमओ किंवा मॉग प्रतिपिंडांच्या आजाराकडे वळतो. कॉन्ट्रास्ट द्यायचा तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लागतं, ते करून ठेवा.

निशिगंध_माहीम
धन्यवाद. लॅबला फोन केला, सीरम मिळालंय. तोवर सगळं बाहेरच्या खासगी लॅबमध्ये परत करून घ्यावं का? आणि नातेवाईक म्हणतात, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करा.

बारकोड_दादर
परत नको. स्टेरॉइडनंतरचा दुसरा निकाल आणि पहिला वेगळे आले तर गोंधळ दुप्पट. बी-१२ मात्र महत्त्वाचं आहे, त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात, नजरही जाते. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. एकदा इंजेक्शन पडलं की आकडा वर जातो आणि आधी कमी होतं का ते कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे फसवे येतात.

वॉर्ड_सिस्टर_परळ
तीन आठवड्यांची तारीख सगळ्यासाठी नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नजर आणखी घसरली, पायातली ताकद गेली, लघवी अडली, श्वासाला त्रास झाला किंवा उचकी-उलटी थांबेचना, तर रिपोर्टची वाट न बघता कॅज्युअल्टीला. शेवटचं पोटाचं वाटतं, पण एनएमओमध्ये ते मेंदूतून येऊ शकतं. पाणी काढल्यावर बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की कमी होतं, तोवर घाबरू नका. पण ते काही दिवसांत उतरलं नाही, ताप आला किंवा मान आखडली तर दाखवा.

मे महिन्यात दुपारच्या गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर नजर धुरकट वाटेल, थंड झाल्यावर तासाभरात सुधारेल. तो नवा झटका नाही, उष्णतेने जुनीच लक्षणं वर येतात. चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर वेगळं. तेव्हा तारीख-वेळ लिहून युनिटला कळवा.